मेरिट, आरक्षण आणि यादीत नाव नसलेले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावात अभ्यासिका चालवतो. बत्तीस टेबलं, पंखे गरजेपेक्षा दोन कमी, आणि दाराशी एक फळा. फळ्यावर रोज चालू घडामोडींचा एक प्रश्न लिहायची माझी पद्धत आहे. त्याच्याखाली पोरं स्वतःचे प्रश्न लिहून जातात आणि रविवारी फी भरायला आलेले पालक उरलेले विचारतात. निकाल लागला की प्रश्न साधारण तेच असतात, विचारणाऱ्याचा आवाज तेवढा बदलतो. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी वकील नाही. सहा वर्षं पुण्यात पेठेत राहून परीक्षा दिल्या आणि परत आलो, एवढीच माझी पात्रता.

माझ्यापेक्षा कमी मार्क असलेला पोरगा तलाठी झाला आणि मी घरी. मग अभ्यास कशासाठी केला?

राग खोटा नाही. पीडीएफ उघडायची, बैठक क्रमांक टाकायचा, काही सापडलं नाही की आकडा चुकला असेल म्हणून परत टाकायचा, हे मीही केलंय. पण राग कुणावर काढायचा याचा हिशेब एकदा कागदावर मांड. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. एका खुर्चीमागे दोनशेहून जास्त माणसं. २०२४ ची पोलीस भरती घे: १७,४७१ जागा आणि जवळपास पावणेअठरा लाख अर्ज, म्हणजे एका जागेमागे शंभर. उद्या सगळं आरक्षण काढून टाकलं तरी शंभरातले नव्व्याण्णव घरीच येणार. ते नव्व्याण्णव कोण, एवढंच थोडं बदलेल.

यादीत नाव दिसतं म्हणून त्या एकाकडे बोट दाखवणं सोपं जातं. वर्षानुवर्षं रिक्त ठेवलेल्या पदांची यादी मात्र कुणी फळ्यावर लावत नाही.

मग परीक्षाच कशाला? प्रमाणपत्र बघा आणि नोकरी द्या.

असं बोलू नकोस. ज्याचा मामा मंत्रालयात नाही त्याच्याकडे परीक्षेशिवाय दुसरं हत्यार नाही. परीक्षा गेली की वशिला येतो, आणि वशिल्याच्या रांगेत तुझा नंबर कितवा लागेल ते तुला ठाऊक आहे. आरक्षणसुद्धा परीक्षेच्या आतच चालतं. पूर्वपरीक्षा, मुख्य, मैदानी, सगळं प्रत्येकाला द्यावं लागतं.

पण परीक्षेला देवाचा तराजू समजण्याचंही कारण नाही. त्याच तलाठी भरतीच्या पहिल्या यादीत २०० पैकी २१४ मार्क पडलेला उमेदवार निघाला होता, आठवतं? परीक्षा अनेक सत्रांत झाली, कुठला पेपर सोपा तर कुठला अवघड, म्हणून मार्कांचं सामान्यीकरण केलं आणि सूत्राने माणसाला पैकीच्या पैकीपेक्षा वर नेऊन बसवलं. यात कुणी चोरी केली असं माझं म्हणणं नाही. सूत्र गणिताच्या दृष्टीने बरोबरही असेल. पण अर्ध्या-पाव मार्कावर आयुष्य ठरवायचं आणि तो पाव मार्क सूत्रातून आलेला असायचा, तर "मी लायक, तो नालायक" हे वाक्य जरा दबकत बोलावं. माझं स्वतःचं नाव एकदा सव्वादोन मार्कांनी गेलं. मुलाखत दुसऱ्या पॅनेलकडे असती तर काय झालं असतं, हा विचार मी पहिली दोन वर्षं रोज करायचो. आता क्वचित करतो.

'मेरिटोक्रसी' हा इंग्रजी शब्दच मुळात टिंगलीतून रूढ झाला. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी १९५८ मध्ये तो उपहासाने वापरला होता: असा समाज, जिथे जिंकणाऱ्याला वाटतं की सगळं माझ्याच लायकीचं, आणि हरणाऱ्याकडे कुरकुरायलाही तोंड उरत नाही. लोकांनी उपहास तेवढा गाळला आणि शब्द ठेवून घेतला.

आरक्षण गरिबांसाठी असतं ना? मग आमच्यातल्या गरिबाला का नाही, आणि त्यांच्यातल्या श्रीमंताला का आहे?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि यात खरं तर दोन प्रश्न आहेत.

आधी पहिला. राज्यघटनेच्या कलम १६(४) मध्ये भाषा गरिबीची नाही, राज्याच्या सेवांमध्ये पुरेसं प्रतिनिधित्व नसलेल्या मागासवर्गाची आहे. कल्पना अशी की कचेरीत टेबलामागे बसणारी सगळी माणसं एकाच आळीतली असतील, तर टेबलासमोर उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या आळीतल्या माणसाचं काम नीट होत नाही. शाहू महाराजांना राज्यकारभाराचे अधिकार मिळाले त्या १८९४ साली कोल्हापूर दरबारच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. ते कामाला वाईट होते असं कुणी म्हणत नाही. शाळेत जाणारी घरंच तेवढी होती. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी ठेवण्याचा हुकूम काढला.

याच्या पुढचा भाग भाषणांत कमी ऐकू येतो. जागा राखून ठेवल्या, पण त्या भरायला माणसं कुठून आणायची? म्हणून कोल्हापुरात मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जाती, अशा एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली आणि १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला. जागा, जेवणाचं ताट आणि शाळा, तिन्ही एकत्र. आपण जागांवर भांडत बसलो आणि ताटाचं विसरलो. वसतिगृहाच्या यादीत नंबर न लागलेली पोरं माझ्याकडे येतात आणि डब्याचे पैसे वाचवायला एक वेळ वडापाव खातात. त्यात सगळ्या कॅटेगरीची पोरं आहेत.

गरिबी नाही, पण आडनाव आडवं येतं, हे खोटं वाटत असेल तर एक अभ्यास सांगतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, बदललं फक्त नाव. २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना प्रतिसाद कमी. अर्जात गरिबीचा उल्लेखही नव्हता.

आता दुसरा. खुल्या वर्गातल्या गरिबासाठी २०१९ मध्ये १०३ वी घटनादुरुस्ती होऊन ईडब्ल्यूएसचं १० टक्के आरक्षण आलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ३ विरुद्ध २ मतांनी टिकवलं. अल्पमतात तेव्हाचे सरन्यायाधीश उदय लळीत होते. त्या दोन न्यायमूर्तींचा मुख्य आक्षेप असा की गरिबांसाठी म्हणून आरक्षण आणता आणि दलित, आदिवासी, ओबीसी गरिबांनाच त्यातून वगळता, हे कसं? मला अल्पमत जास्त पटतं, पण खुल्यातल्या गरीब पोराला ईडब्ल्यूएसचा फॉर्म मीच भरून देतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला करता येतात.

आणि त्यांच्यातल्या श्रीमंताचं?

ओबीसींसाठी क्रिमीलेअर आहे. मंडल आयोगाच्या निकालात, १६ नोव्हेंबर १९९२ रोजी (इंद्रा साहनी खटला), सर्वोच्च न्यायालयाने पुढारलेला थर वेगळा काढायला सांगितला. १९९३ मध्ये उत्पन्नाची मर्यादा १ लाख होती, ती वाढत २०१७ मध्ये ८ लाखांवर आली. अनुसूचित जाती-जमातींना हा नियम नाही. १ ऑगस्ट २०२४ च्या निकालात अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला सात न्यायमूर्तींच्या पीठाने ६ विरुद्ध १ अशी मान्यता दिली. त्याच वेळी अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांच्यासह काहींनी या वर्गांतही क्रिमीलेअर ओळखावा असं मत नोंदवलं, पण केंद्र सरकारने तसं करणार नाही असं लगेच सांगितलं.

माझं मत विचाराल, तर कलेक्टरच्या मुलाने पुन्हा त्याच रांगेत उभं राहू नये. अडचण अशी की हे बोलणाऱ्या बहुतेकांना वाचलेली जागा त्याच जातीतल्या गरिबाला द्यायची नसते, ती खुल्यात आणायची असते. मग ऐकणारा कान बंद करतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

ओबीसीला ८ लाख आणि ईडब्ल्यूएसलाही ८ लाख. म्हणजे निकष सारखाच?

आकडा सारखा, मोजायची पद्धत वेगळी. यावर दर वर्षी दोन-चार पोरं पडतात, म्हणून नीट वाचा.

नॉन-क्रिमीलेअर काढताना ८ लाखांच्या उत्पन्नात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. आई-वडिलांचं पद मात्र बघतात: दोघांपैकी एक थेट वर्ग १ मध्ये लागला असेल, किंवा दोघंही वर्ग २ मध्ये असतील, तर मूल क्रिमीलेअरमध्ये. ईडब्ल्यूएसला उलट: पगार, शेती, धंदा, सगळं धरून कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, शिवाय केंद्रात शेतजमिनीची (पाच एकरांच्या आत) आणि घराची अटही आहे. म्हणजे दोन शिक्षकांचं ओबीसी घर नॉन-क्रिमीलेअरमध्ये बसू शकतं, आणि तेवढाच पगार आणणारं खुल्यातलं घर ईडब्ल्यूएसमधून बाहेर पडतं. हे विचित्र दिसतं हे मला मान्य आहे.

दुसरी गोची: राज्यातला एनटी-सी, एनटी-डी (भटक्या जमातींचे गट) किंवा एसबीसीचा (विशेष मागास प्रवर्ग) उमेदवार केंद्राच्या परीक्षेत ओबीसी म्हणून फॉर्म भरतो, आणि केंद्राच्या प्रमाणपत्राचा नमुना वेगळा असतो. सेतू केंद्रावर "केंद्राचं पाहिजे" असं तोंडाने स्पष्ट सांगा, नाहीतर राज्याचंच हातात पडतं.

महाराष्ट्रात एकूण टक्के किती झाले? ५० ची मर्यादा कुठे गेली?

अनुसूचित जाती १३, जमाती ७, ओबीसी १९, विमुक्त जाती ३, एनटी-बी २.५, एनटी-सी ३.५, एनटी-डी २, एसबीसी २. बेरीज ५२. त्यावर ईडब्ल्यूएस १० आणि २०२४ च्या कायद्याने आलेले एसईबीसी (मराठा समाजाचे) १०, म्हणजे ७२.

पन्नाशीचं मूळ बरंच जुनं आहे. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनीच सांगितलं होतं की राखीव जागा अल्प प्रमाणात राहिल्या पाहिजेत, नाहीतर समान संधीचं तत्त्वच उरणार नाही. १९९२ च्या निकालात त्यातून ५० टक्क्यांची कमाल मर्यादा आली. तमिळनाडूत १९९४ च्या कायद्याने ६९ टक्के आहे. ईडब्ल्यूएसच्या निकालात बहुमताने म्हटलं की ती मर्यादा सामाजिक मागासांच्या आरक्षणापुरती आहे. थोडक्यात, रेष आहे, पण ती पुसून पुढे सरकवायचं काम सगळ्याच पक्षांची सरकारं करत आली आहेत, कारण नवीन नोकरी तयार करण्यापेक्षा नवीन टक्का जाहीर करणं स्वस्त पडतं.

'खुला' म्हणजे ज्यांना आरक्षण नाही त्यांच्यासाठी राखीव ना?

नाही. खुला म्हणजे सगळ्यांचा. आरक्षित उमेदवार कुठलीही सवलत न घेता खुल्याच्या गुणवत्तेत बसला तर तो खुल्यात मोजतात. समांतर आरक्षणालाही, म्हणजे महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त यांनाही, हेच लागू आहे. डिसेंबर २०२० मध्ये सौरव यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खुल्या महिलांच्या जागांबाबत हे स्पष्ट केलं. जाहिरातीतली सवलतीची टीप मात्र दरवेळी वाचा.

आरक्षण दहाच वर्षांसाठी होतं ना?

ती मुदत लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागांची, कलम ३३४ मधली. दर दहा वर्षांनी वाढवत ती २०३० पर्यंत आली आहे. नोकरी आणि शिक्षणातल्या आरक्षणाला मुदत कधीच नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवर हा मेसेज पुन्हा आला तर मला पाठवू नका.

जात वैधता प्रमाणपत्र मिळेना. काय करू?

या एका प्रश्नावर मी तासभर बोलू शकतो.

महाराष्ट्रात जातीचा दाखला पुरत नाही, त्याची पडताळणी लागते. त्यासाठी पुरावा जुना हवा: अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या आधीचा, ओबीसी-एसबीसींना १९६७ च्या आधीचा. आणि पहिल्यांदा मागतात तो पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा.

माझ्याकडे भटक्या जमातीतला एक पोरगा होता. शिपाई भरतीत मैदानी झाली, लेखी झाली, तात्पुरत्या यादीत नावही आलं. व्हॅलिडिटी नव्हती. आजोबा कधी शाळेत गेले नाहीत, जन्माची नोंद नाही, गाव म्हणावं असं गाव नाही, पालं टाकत फिरायचे. तो मला म्हणाला, "सर, आजा शाळंत गेला असता तर मला हे सर्टिफिकेट लागलंच कशाला असतं?" मला उत्तर सुचलं नाही. १८७१ च्या कायद्याने अशा कितीतरी जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं, ३१ ऑगस्ट १९५२ ला ते लेबल निघालं, आणि १९६१ च्या आधीचा कागद दाखवा असं आपण त्यांनाच सांगतो. मधे उणीपुरी नऊ वर्षं.

शेवटी शेजारच्या तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये चुलत आजोबांची नोंद सापडली, मोडीत. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी भिंगातून दहा मिनिटं बघितलं, जातीचा रकाना वाचला आणि लिप्यंतर करून सही दिली. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

करायचं काय, ते सांगतो. वडिलांकडच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी झाली असेल तर तिची प्रत आणि वंशावळ आधी जोडा, निम्मं काम तिथेच होतं. नसेल तर शाळेसोबत तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ बघा, विदर्भात असाल तर कोतवाल बुक. दक्षता पथक गृहचौकशीला येईल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बाहेरगावी पाठवू नका. आणि हे सगळं बारावीतच करा. निकालानंतर पळापळ करणाऱ्याला समितीच्या पायऱ्या मोजाव्या लागतात.

पण बोगस प्रमाणपत्रवाले तर मजेत नोकरी करतात!

करत होते, आणि त्यांचा सगळ्यात मोठा मार खऱ्या आदिवासींना बसला. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जातीचा दावा अवैध ठरला की त्यावर मिळालेली नोकरीही गेली. मग महाराष्ट्राने काय केलं? डिसेंबर २०१९ मध्ये अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांच्या बाहेर जादा तयार केलेल्या, पदांवर वर्ग केलं. आकडा १२,५०० सांगितला गेला. त्या रिकाम्या झालेल्या जागा खऱ्या आदिवासी उमेदवारांतून भरा, या मागणीसाठी अजून मोर्चे निघतात. बोगसगिरी हा आरक्षणाविरुद्धचा मुद्दा म्हणून मांडणाऱ्यांनी आधी नुकसान कुणाचं झालं ते विचारावं.

आरक्षणातून आलेला डॉक्टर ऑपरेशन करणार असेल तर तुम्ही झोपाल का टेबलावर?

एमबीबीएसची पास व्हायची परीक्षा सगळ्यांना एकच असते. आरक्षण प्रवेशाला आहे, डिग्रीला नाही.

कार्यक्षमतेची काळजी घटनेतही आहे, कलम ३३५ मध्ये. तिचा खराखुरा तपास अर्थतज्ज्ञ अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी रेल्वेवर केला, १९८० ते २००२ चे आकडे घेऊन. अनुसूचित जाती-जमातींचं प्रमाण वाढल्याने उत्पादकता घटल्याचा पुरावा सापडला नाही. वरच्या पदांवर तर परिणाम काहीसा चांगलाच दिसला.

आणि एक उलट प्रश्न मला नेहमी विचारावासा वाटतो. खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत १५ टक्के जागा संस्थात्मक किंवा एनआरआय कोट्याच्या असतात आणि फी कित्येक पटीने. तिथे मेरिट यादीत फार खाली असलेला पोरगा बसतो. त्याच्या टेबलावर झोपायची भीती मला अजून एकाही पालकाने बोलून दाखवलेली नाही.

मराठा समाज एवढा मोठा, आमदार त्यांचे, कारखाने त्यांचे. तो मागास कसा?

कारखाना असलेले मराठे आणि त्या कारखान्याला ऊस घालून वर्षभर बिलाची वाट बघणारे मराठे यांत पहिले मूठभर, दुसरे गावोगावी. माझ्या शेजारच्या टेबलावर पुण्यात जो मित्र बसायचा त्याच्या आजोबांना अठरा एकर होती, वडिलांना सहा, त्याच्या आणि भावाच्या वाट्याला तीन, कोरडवाहू. लग्नाच्या बाजारात शेतकरी नवरा चालत नाही, म्हणून नोकरी. नोकरीसाठी पेठ. हे दुःख खरं आहे. पण शेती पिकत नाही याचं औषध तलाठ्याच्या ४,६४४ जागांत सापडेल का, हा माझा त्याच्याशी जुना वाद.

कायद्याची वाट सांगायची तर: २०१८ चं १६ टक्के उच्च न्यायालयाने शिक्षणात १२ आणि नोकरीत १३ वर आणलं, सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा झाला आणि त्यालाही मुंबई उच्च न्यायालयात आव्हान मिळालं. सप्टेंबर २०२५ मध्ये मनोज जरांगे यांच्या आझाद मैदानावरच्या उपोषणानंतर निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा कुणबी नोंदींचा शासन निर्णय निघाला, त्यावर ओबीसी समाजातून विरोध उठला. या सगळ्या वर्षांत निवड होऊनही नियुक्तीपत्राची वाट बघणाऱ्या पोरांचं वय कुणीच थांबवलं नाही.

मग हरणाऱ्यांचं काय?

मला विचाराल तर हा प्रश्न पहिला यायला हवा होता. फळ्यावर तो कुणी लिहीत नाही, कारण लिहिणं म्हणजे हरणार हे कबूल करणं.

महाराष्ट्राने या प्रश्नाला एकदा फार चांगलं उत्तर दिलं होतं. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं राज्यभर निघाली. कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची. त्याआधी १९६५ मध्ये त्यांनी तासगाव तालुक्यात ती करून बघितली होती. १९७७ मध्ये कायदा झाला: मागेल त्याला काम. दाखला, कट-ऑफ, मुलाखत, काही नाही. खडी फोडायची तयारी हीच पात्रता, त्यामुळे ज्याला गरज नाही तो आपोआप येत नाही. पैसा कुठून? १९७५ पासून शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. आजही तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ना, तो. स्पर्धेत जिंकून नोकरीला लागलेल्यांनी न लागलेल्यांसाठी दिलेली ही वर्गणी. नोकरदाराला तो आकडा का कापतात हे माहीत नसतं, आणि त्याबद्दल मोर्चाही निघत नाही. २००५ चा देशाचा रोजगार हमी कायदा याच मुशीतला होता.

१९६९ चा माथाडी कायदाही त्याच काळातला. पाठीवर पोती वाहणाऱ्याला भविष्यनिर्वाह निधी आणि औषधपाणी मिळावं म्हणून मालकांकडून लेव्ही घेणारं मंडळ. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेलं.

आता बघा, पदवी घेऊन हरलेल्यासाठी असं काय आहे? बार्टी, सारथी, महाज्योती, अमृत, एकेका समाजासाठी एकेक संस्था आहे, आणि त्यांचा बराच पैसा कशावर जातो? पुढच्या परीक्षेच्या कोचिंगवर आणि विद्यावेतनावर. म्हणजे दोनशे माणसांच्या रांगेत उभं राहायला अजून एक वर्षाची सोय. मीही त्यातल्याच एका विद्यावेतनावर वर्ष काढलं, तोंड वर करून बोलत नाही. पण तीस वर्षांचा माणूस सातवा प्रयत्न सोडून काही दुसरं शिकायला गेला तर त्याला सहा महिने घरभाडं देणारी योजना मला हवी होती. जात विचारून दिली असती तरी चाललं असतं, न विचारता दिली असती तर जास्त चाललं असतं. हरलं तरी घर चालतं ही खात्री असेल, तर शेजारच्या टेबलावरच्याचे मार्क एवढे खुपत नाहीत. खात्री नसेल तर पाव मार्कही खुपतो.

कंत्राटी भरतीत निदान जागा तरी निघतात. त्यात वाईट काय?

त्यात परीक्षा नाही, बिंदूनामावली (कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची ते ठरवणारी यादी) कुणी तपासत नाही, आणि निवड करतो ठेकेदार. मेरिटवालेही हरले, आरक्षणवालेही. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ एजन्सींमार्फत भरतीचा शासन निर्णय निघाला आणि ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. त्या महिनाभर माझ्या अभ्यासिकेत खुला आणि आरक्षित एका बाजूला बसले होते. तेवढाच महिना.

तुम्ही स्वतः कोणत्या कॅटेगरीतले?

हा प्रश्न थेट कुणी विचारत नाही, आडनावावरून फिरवून विचारतात. ओबीसी, नॉन-क्रिमीलेअर. वडील एसटीत कंडक्टर होते. मुख्य परीक्षेला दोनदा बसलो, एकदा मुलाखत. वर ज्याचं सांगितलं तो मित्र खुल्यातून बसायचा, एक डबा दोघांत असायचा. एकाच वर्षी दोघंही बाहेर पडलो. तो आता गावी शेळ्या आणि दुधाचं बघतो. माझ्या सवलतीमुळे त्याची जागा गेली, असं तो भांडणात एकदा म्हणाला होता. मी म्हटलं, मला तरी कुठे मिळाली? मग दोघंही हसलो, पण त्या रात्री डब्यातली भाजी त्याने मला आधी वाढू दिली नाही.

पोराला किती वर्षं द्यावीत?

राज्यात वयोमर्यादा खुल्याला ३८ आणि मागासवर्गाला ४३ आहे. ती सोय समजा, निमंत्रण नको. दोन मुख्य परीक्षा झाल्या आणि मार्क वर सरकत नसतील, तर बसून बोला. मुलगी असेल तर तिला मुलापेक्षा कमी वर्षं देऊ नका. फी भरायला आलेल्या पालकांचा हिशेब मी ऐकतो: त्याला चार वर्षं, हिला दोन, मग लग्न. हे आरक्षण कुठल्याच शासन निर्णयात नाही.

अभ्यासिकेत प्लगजवळची चार टेबलं रिकामी का ठेवता? आम्ही पाचला उठून येतो.

ही तक्रार या महिन्यात तीनदा फळ्यावर आली, म्हणून लेखी उत्तर.

पूर्वी नियम सरळ होता: जो आधी येईल त्याला हवी ती जागा. लायब्ररीच्या मागे राहणारी पोरं साडेपाचला येऊन प्लगची आणि पंख्याखालची टेबलं धरायची. वाड्यांवरून येणाऱ्या मुलींची पहिली एसटी पावणेआठला स्टँडवर लागते. त्या रोज आठला यायच्या आणि रोज भिंतीकडेच्या, बिनप्लगच्या टेबलावर बसायच्या. मोबाईल बंद पडला की टेस्ट सिरीज अर्धी. दोघींनी फी बंद केली तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग चार टेबलं सव्वाआठपर्यंत राखून ठेवली. सव्वाआठनंतर ज्याला हवी त्याने घ्यावीत.

पाचला उठणाऱ्याचा राग मला कळतो, तो काही फुकट बसत नाही. मंगळवारी दोघा पोरांनी एसटी येण्याआधीच चारही टेबलांवर पुस्तकं ठेवून दिली होती, तीही मी बघितली. वायरमनकडून बत्तीस टेबलांना प्लग ओढायचं कोटेशन मागवलंय, ते साडेअकरा हजारांचं आलंय. दिवाळीपर्यंत जमेल तेवढ्या टेबलांना ओढतो. तोवर सव्वाआठचा नियम आहे तसा राहील.